खेकड्यांची गल्ली

देवदत्तचा फोन मासळीच्या घमेल्याला टेकून तिरपा उभा राहिला होता. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या स्वयंपाकघरात बसून शर्मिला तो तिरपा बाजार पाहत होती. ओली फरशी. नवऱ्याचा एक खांदा आणि अर्धा चेहरा. आणि त्याच्यापासून मागे मागे सरकणारे रबरी बूट.

"देवदत्त! ऊठ! ऐकतोयस ना रे?"

तिच्या हाका फक्त त्यालाच ऐकू जात होत्या. इअरफोन त्याच्या कानात होते.

चिप बनवणारं यंत्र बसवायला तो कोरियाला गेला होता. जानेवारी २०२१. तिकडे उतरल्याबरोबर चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत बंद. मागाहून शर्मिला जाणार होती, पण तिचं तिकीट रद्द झालं. म्हणून सुटका झाल्यावरच्या पहिल्याच दुपारी त्याने इंचॉनचा मासळीबाजार गाठला आणि फोनवरून तिला फिरवायला सुरुवात केली. शर्मिला मालवणची. पाण्यात वळवळणारे ऑक्टोपस, दोरीला ओळीने टांगलेली सुकी माकुलं पाहून ती लहान मुलीसारखी हरखली होती. इथे आठवडेच्या आठवडे सगळं बंद होतं. कुठेतरी माणसं भाव करत होती, ओरडत होती, हेच तिला केवढं वाटत होतं.

खाली मासा निवडायचा, वरच्या मजल्यावर तो शिजवून मिळतो, असं त्याने ऐकलं होतं. जेवण आता येईलच म्हणून त्याने बाजारात शिरतानाच इन्सुलिन टोचून घेतलं होतं.

"वर जातो आता. इंजेक्शन घेऊन वीस मिनिटं झाली," तो म्हणाला होता.

"अरे, ती खेकड्यांची गल्ली राहिली ना! तेवढी दाखव, मग जा."

त्याने दाखवली. खेकडे बघता बघता तिने पुढचे शिंपले दाखवायला लावले, मग त्याच्या पुढचं आणखी काही. शेवटी त्याने कॅमेरा स्वतःकडे वळवला. चेहरा घामाने डबडबला होता.

"शर्मिला, मला कसंतरीच..." एवढंच बोलून तो कोसळला.

आता त्याच्याभोवती रिंगण झालं होतं. रिंगणातला प्रत्येक जण एकेक पाऊल मागे घेत होता. ते का मागे जातायत, हे शर्मिलाला कळलं. परदेशी माणूस, बाजारात पडलेला. कुणीही आधी कोरोनाच समजलं असतं. एक जण लांब उभा राहून फोनवर बोलत होता. ॲम्ब्युलन्स बोलावत असेल. ती येणार कधी? इथून आणीबाणीचा ११२ लावून शर्मिला काय सांगणार होती? त्याच्या ऑफिसातल्या कोरियन माणसांचे नंबर त्याच्याच फोनमध्ये होते. पोटात काही नसताना इन्सुलिनने त्याची साखर उतरली होती; त्याला साखर हवी होती. चमचाभर साखर. ओट्यावर डबा भरलेला होता, आणि देवदत्त नऊ हजार किलोमीटरवर फरशीवर पडला होता.

रिंगणातून एक म्हातारी पुढे आली. सत्तरीची असेल. गुलाबी रबरी हातमोजे, कमरेला रबरी एप्रन. मागून कुणीतरी तिचा दंड धरून ओढला. तिने तो हिसडा मारून सोडवला आणि फोन उचलला. पडदाभर तिचा मास्क लावलेला चेहरा आला.

शर्मिलाने साखरेचा डबा कॅमेऱ्यासमोर धरला. म्हातारीने डोळे बारीक केले. मग ती वाकली आणि मासळीच्या टोपलीतलं मूठभर जाडं मीठ उचलून तिने दाखवलं.

"नाही! नाही हो, मीठ नाही!" शर्मिला ओरडली. तिचा आवाज पुन्हा देवदत्तच्याच कानात गेला.

ती फ्रिजकडे धावली. अंड्यांच्या वरच्या कप्प्यात त्याची इन्सुलिनची जादा पेनं असायची. तिने एक उचललं. गाऊन वर करून ते पोटाला टेकवलं. खाली पडलेल्या देवदत्तच्या दिशेने बोट केलं. मग डब्यातली साखर चमच्या-चमच्याने स्वतःच्या तोंडात कोंबली. तोंड भरलं, साखर हनुवटीवरून सांडली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी ती कोंबत राहिली.

म्हातारी टक लावून पाहत राहिली. मग तिने फोन खाली ठेवला. पालथा.

पडदा काळा झाला.

शर्मिलाने कान पडद्याशी नेला. समजलं की नाही? की वेडी बाई म्हणून तिने फोन टाकून दिला? आता फक्त त्याच्या इअरफोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. उथळ, भराभर. ती तो मोजू लागली. साखरेने तिची जीभ टाळ्याला चिकटली होती. एक गल्ली, तिला वाटत राहिलं, एका गल्लीसाठी.

कागद फाटल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा. म्हातारी कुणावर तरी खेकसली. शर्मिला श्वास मोजत राहिली.

मग घोट गिळल्यासारखं काहीतरी झालं.

"देवदत्त?"

आणखी कागद फाटले. कितीतरी वेळाने, अगदी कानाशी, जड जिभेने तो पुटपुटला, "कॉफी..."

म्हातारीने एका हाताने फोन उचलला. देवदत्त घमेल्यांच्या मध्ये भिंतीला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक, ओठांना कॉफी आणि साखर माखलेली. त्याच्या पायाशी तयार कॉफीच्या फाडलेल्या पुड्या पडल्या होत्या. त्यात साखर घातलेलीच असते. हातमोजा काढलेल्या उघड्या बोटांनी म्हातारी पुड्यांतली साखर त्याच्या हिरड्यांना चोळत होती. माणसं अजूनही लांबच उभी होती.

शर्मिलाने हात जोडले. तुम्हाला कसं कळलं, असं तिने हातानेच विचारलं.

म्हातारीने आधी मागच्या माणसांकडे पाठ केली. मग एप्रन बाजूला करून स्वेटर जरासा वर उचलला आणि फोन तिथे नेला. तिचं सुरकुतलेलं पोट सुयांच्या निळ्या-काळ्या ठिपक्यांनी भरलेलं होतं.