काळ्या चौकटीतला गेंचो

"तुमच्या लोकांनी आमचा गेंचो मारला," गोर्ना बारा गावचे सरपंच फोनवर म्हणाले. "तो दाढी करत होता, तेवढ्यात दारात पहिला गुच्छ आला."

नेव्यानानं फोन ठेवला आणि टेबलावर उरलेलं पत्रक उचललं. संगणकावर तिनं ते रंगीत पाहिलं होतं, रंगीतच मंजूर केलं होतं. पण व्रात्सा शहरातला छापखानेवाला दिवसभर मृत्यूची पत्रकं छापतो. त्याची रंगीत शाई संपली, म्हणून त्यानं काळ्यात छापलं आणि हाताच्या सवयीनं भोवती काळी चौकट ओढली. मध्ये गेंचोचा फोटो, खाली नाव. त्याखाली बारीक अक्षरांत: मूत्रपिंडाच्या संशोधनाला मदत करा, डबा दुकानात आहे. इकडे कोणी वारलं की फाटकावर, बसथांब्यावर अशीच चौकट लागते; ती दिसली की माणसं टोपी काढतात. तिच्या पथकातल्या दोघांनी काल ती गावभर चिकटवली होती. दोघांनीही काही विचारलं नव्हतं.

गोर्ना बाराकडे गाडी चालवताना तिला स्वतःचा राग येत होता, आणि त्याहून जास्त या गावांचा. नदीकाठी हा मूत्रपिंडाचा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. तो का होतो हे शोधायला तीन देशांतले डॉक्टर एकत्र आले. त्यांच्यासाठी पैसा उभा करायचं काम नेव्यानाच्या पथकाकडे आलं. राजधानी सोफियातले वकील देत, व्रात्सातले दुकानदार देत. या गावांतून मात्र डबे रिकामे परत येत. एकदा एका डब्यात शर्टाचं बटण निघालं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या घरात हा आजार, त्या घरातली मुलगी कोणी करत नाही. म्हणून इथे सगळे हृदयविकारानं मरतात, निदान सांगताना तरी. डब्यात पैसे टाकणं म्हणजे भर दुकानात उभं राहून, आमच्याही घरात आहे, असं सांगणं.

गेल्या आठवड्यात संशोधनाच्या मुख्य डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. ज्यांचा आजार त्यांनाच संशोधन नको असेल, तर महिनाअखेर व्रात्साचं संशोधन केंद्र बंद. फोटो द्यायला एकटा गेंचो तयार झाला होता. जुना बसड्रायव्हर, दिवसाआड रक्त शुद्ध करून घ्यायला शहरात येणारा. आणि नेमकं त्यालाच तिनं मारलं होतं.

गेंचो अंगणात द्राक्षवेलीखाली बसून, शेजारणीनं त्याच्याच नावानं शिजवून आणलेले मयताचे गोड गहू खात होता.

"ये पोरी. मयताच्या घरी उपाशी उभं राहू नये. गहू छान झालेत."

तिनं माफी मागितली. त्यानं ती हातानं उडवून लावली. फोटो बरा आलाय, म्हणाला. खरी वेळ येईल तेव्हा बोंका हाच वापरेल, तेवढाच खर्च वाचला. बोंका, त्याची बायको, फुलं बादलीत ठेवत पुटपुटत होती की एवढी वर्षं ह्याला कोणी साधं एक फूल दिलं नाही.

नेव्यानाला हसू आलं नाही. ती खांबाखांबावरून पत्रकं ओरबाडत निघाली. खळ चांगली होती. गेंचोचा चेहरा फाटून हातात येई आणि काळी चौकट लाकडावरच राही. दुकानाच्या दारावरचं तेवढं अख्खं निघालं.

डबा न्यायला ती आत गेली. एरवी ती तो दोन बोटांनी उचलायची. आज दुसरा हात लावावा लागला. फटीतून नोटांची टोकं वर आली होती.

तिनं डबा खाली ठेवला. वेलिका, नवरा हृदयविकारानं गेल्यापासून एकटीच दुकान चालवणारी बाई, फडक्यानं पावाचा चुरा झाडत होती. नेव्याना थकून म्हणाली की हे पैसे तिला घेता येणार नाहीत. लोकांनी ते मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेत, ही फसवणूक झाली. वेलिकामावशींनी सगळ्यांना सांगावं की गेंचो जिवंत आहे, आणि ज्याचे त्याला परत द्यावेत.

वेलिकानं फडकं बाजूला ठेवलं.

"काय सांगू त्यांना? सकाळी तो इथंच उभा होता, पाव घ्यायला. बायांनी त्याला रांगेत पुढं जाऊ दिलं, तब्येत विचारली. तो बाहेर पडला, आणि मग एकेकीनं, मयतासाठी म्हणतात तसं 'देव त्याला क्षमा करो' म्हणत डब्यात टाकले. कोणी कोणाकडे बघितलं नाही. मयताच्या नावानं टाकलं की घरातलं कोणी विचारत नाही."

नेव्यानानं फटीतून वर आलेली एक नोट बोटानं आत ढकलली.

वेलिकाची नजर तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या कागदांवर गेली. "सगळी काढलीस?"

"सगळी."

"दारावरचं तेवढं परत लाव," गल्ल्यात हात घालत वेलिका म्हणाली. "आमच्या ह्यांच्या नावाचे टाकायचे राहिलेत."