दगडावरचा रादोश

"नजर अजून मऊ करा," नेवेना म्हणाली.

विदोयेने पेन पुन्हा स्क्रीनवर टेकवलं. टेबलावर कललेल्या त्या रुंद स्क्रीनवरून नेवेनाचा मेलेला नवरा, रादोश, रोखून पाहत होता. विदोये थडग्यांवरचे चेहरे काढायचा. फोटो समोर घ्यायचा, पेनाने थेट स्क्रीनवर छटा भरायच्या, मग मशीन तोच चेहरा काळ्या ग्रॅनाइटवर कोरायचं. स्क्रीनवर चुकलं तर पुसता येतं. दगडावर एकदा गेलं की गेलं.

सकाळपासून ही एकच बाई. तशा विधवा बायका त्याला पाठ होत्या. कुणाला नवऱ्याचं टक्कल झाकून हवं, कुणाला गालफडं भरून. हिची तऱ्हाच वेगळी. आधी भुवयांमधली आठी काढायला लावली. मग जबडा सैल करायला. मग फोटोत नव्हतंच ते हसू ओठांच्या कडेला आणायला. त्याच्या डोक्याला ताप झाला होता, पण किती जीव होता हिचा त्या माणसावर, असंही मनात येत होतं.

शेजारी नेवेनाचाही चेहरा होता. तो मात्र पहिल्या झटक्यात झाला. "आहे तसा राहू द्या," एवढंच ती म्हणाली होती. खाली तिचं जन्मसाल, पुढे एक रेघ, रेघेपुढे कोरी जागा. आमच्या मोरावा नदीकाठी रीतच आहे. नवरा गेला की बायको जिवंतपणीच दगडावर चढते. पण चौतिसाव्या वर्षी चढायचं नेवेनाच्या जिवावर आलं होतं. आल्या आल्या विदोयेच्या दारातच सासू-सुनेची जुंपली होती.

"मला नका कोरू, आई. मी शहरात जाईन, काहीतरी करीन."

"कुठं जाशील? माझा पोरगा तिथं एकटा पडणार नाही," म्हाताऱ्या रोसांदाने ठणकावलं होतं. "दगडावर तोंड लागलं की तुझी जागा ठरली. मग कुणी तुझ्याकडं वळूनही बघायचं नाही."

त्यावर नेवेना खुर्ची ओढून विदोयेच्या खांद्याशी येऊन बसली, ती अजून तिथेच होती. म्हातारी शेगडीपाशी कॉफीचा कप घेऊन.

विदोयेने पापण्या किंचित खाली आणल्या. बुबुळांत उजेडाचा एकेक ठिपका ठेवला. स्क्रीनवरचा माणूस आता समोरच्याचं बोलणं ऐकून घेणारा दिसायला लागला.

"बास," नेवेना म्हणाली. "आता हात लावू नका. हाच कोरा."

रोसांदा उठली. चष्मा लावून स्क्रीनवर वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हा कोण? हा माझा रादोश नाही."

"नाहीच," नेवेना म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "रादोशबरोबर मी दिवस कसे काढले, ते तुम्ही भिंतीपलीकडून ऐकलंत, आई. आता जन्मोजन्मी शेजारी निजायचंच आहे, तर मी ह्याच्या शेजारी निजेन."