भूपाची गत

हरिहरने संध्याकाळची आगगाडी जाणूनबुजून चुकवली. शनिवारी त्या गाडीने येतो, असं त्याने कल्याणला वडिलांना कळवलं होतं. पण त्याच संध्याकाळी मुंबईत कॉलेजचं संमेलन होतं आणि वाद्यमेळात दुसरी सतार त्याची होती.

वडील परशुरामपंत मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. "परीक्षा होईपर्यंत त्या भोपळ्याला हात लावलास तर बघ," असं ते एकदाच म्हणाले होते. तेव्हापासून हरिहर त्यांच्यापुढे सतारीचं नाव काढीत नसे.

एकट्याने वाजवताना त्याचा हात बेताचाच. मेळात बसला की मात्र तो कुणी वेगळाच होई. दोन सतारी, एक फिडल, जलतरंग आणि गुरुदत्तचा तबला. त्या संध्याकाळी भूपाची गत अशी काही जमली, की आपली तार कुठली आणि शेजाऱ्याची कुठली, हेच त्याला उमगेना. समेवर सगळे एकदम आले आणि भर सभेत गुरुदत्तला हसू फुटलं. मग हरिहरलाही. एवढा आनंद त्याला पूर्वी कधी झाला नव्हता.

सकाळच्या गाडीने तो कल्याणला निघाला. अभ्यासाच्या नादात गाडी चुकली, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. कळवा मागे पडलं तरी बोटं मांडीवर गतच वाजवत होती.

घरासमोर माणसं जमली होती. ओटीवर परशुरामपंतांना निजवलं होतं. अंगावर ठेवणीतला अंगरखा होता.

"स्टेशनाच्या वाटेवर पडलेलं व्हतं," दामाजी कोळी म्हणाला. पहाटे खाडीवर जाताना त्यालाच ते दिसले होते. "हाक मारली, पन अंग थंड झालेलं."

"दुपारीच निघाले रे," आई म्हणाली. "म्हणाले, उशीर होईल, जेवायला थांबू नकोस. मला वाटलं, तुला आणायला जातायत."

बाकीचं गावच बोललं. पोराची वाट बघत बिचारा गाडीमागून गाडी बघत बसला असेल, थंडी बाधली असेल.

तो पुन्हा मेळात गेला नाही. बिऱ्हाड बदललं, सोबत्यांना तोंड दाखवलं नाही. सतार त्याने कुणाला तरी देऊन टाकली.

पुढे तो वकील झाला. ठाण्याला नौपाड्यात बिऱ्हाड केलं. पोराला निजवताना बायको, गोदा, गुणगुणू लागली की तो उठून अंगणात जाई. "माझा आवाज इतका का वाईट आहे?" असं तिने एकदा विचारलं. "तसं नाही," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर ती पोराला मुकाट्यानेच थोपटू लागली.

बऱ्याच वर्षांनी गुरुदत्त दारात उभा राहिला. संमेलनानंतर आठवड्याच्या आतच तो वऱ्हाडात नोकरीला गेला होता, तो आता परतत होता. केस पिकले होते, हसणं तेच.

"सतार कुठंय?" बसल्या बसल्याच त्याने विचारलं.

"सोडली."

"अरे, का? आणि वडील कसे आहेत?"

"गेले. पुष्कळ वर्षं झाली."

गोदाने आणून दिलेला पाण्याचा तांब्या गुरुदत्तने तसाच खाली ठेवला.

"भला माणूस," तो म्हणाला. "तू रागावशील म्हणून तेव्हा बोललो नाही, पण आता सांगतो. संमेलनाला मीच त्यांना बोलावलं होतं. आदल्या आठवड्यात कल्याणला गेलो होतो ना, तेव्हा."

हरिहरने मान वर केली.

"शेवटच्या बाकावर बसले होते. गत चालू असताना डोळे पुसत होते रे. नंतर मी म्हटलं, चला, हरीला भेटा. तर म्हणाले, 'नको, लाजेल तो. मला शेवटची गाडी गाठायचीय. उद्या तो घरी येईल, तेव्हा त्याच्याच तोंडून सगळं ऐकेन.'" गुरुदत्त मायेने हसला. "मग, काय म्हणाले ऐकून?"