मेजरसाहेबांचा गुडघा

वेदनापट्ट्याचं एक टोक निवृत्त हवालदार बाजीराव निकमांच्या उजव्या गुडघ्याला होतं, दुसरं तपासणाऱ्या डॉक्टर मेजरबाईंच्या. निकमांची कळ पट्ट्यातून स्वतःच्या गुडघ्यात घेऊन बाईंनी मिनिटभर सोसायची आणि त्यावरून अपंगत्वाचे टक्के ठरवायचे, असा नवा नियम होता.

"उभे राहा."

निकम उभे राहिले. मेजरबाईंचा चेहरा पांढरा पडला, त्यांनी टेबल घट्ट धरलं. ते पाहून निकमांनी हळूच सगळा भार डाव्या पायावर घेतला.

मिनिट संपलं. "वीस टक्के," घाम पुसत त्या म्हणाल्या. "वॉचमनचं काम जमेल तुम्हाला."

बाहेर बायकोने विचारलं, "पाय नीट टेकला होता ना?"

"साहेब होत्या समोर," निकम म्हणाले. "त्यांना कसा त्रास द्यायचा?"

मग ते बसून, एकेक पायरी सरकत जिना उतरू लागले.