पंखा फिरतोय, काकू

विज्ञानात पुराव्यापुढे कुणाचं चालत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र वाकवलेल्या पेपरक्लिपचं चालतं. मेकॅनिकने तिसऱ्या खेपेलाही कम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या दोन तारा क्लिपने जोडून त्यातला पंखा फिरवून दाखवला. "पंखा फिरतोय, काकू. सप्लाय ठणठणीत." "नुसता फिरायला काय जातंय? काम दिलं की मान टाकतो मेला! माझ्या तीन प्रश्नपत्रिका गिळल्यात त्याने," भूगोलाच्या बाई कडाडल्या. "आज पाचला वॉरंटी संपतेय. लाव तुझ्याच कम्प्युटरला आणि त्यावरच लिही माझी तक्रार!" मेकॅनिकने दातओठ खात आपल्या कम्प्युटरला बाईंचा सप्लाय लावला आणि टायपिंग सुरू केलं. चौथ्या ओळीवर कम्प्युटर बंद पडला. "बघितलंस?" बाईंनी टेबलावर मूठ आपटली. "बघितलं. मान्य! सप्लाय खराब आहे." त्याने आपला सप्लाय परत जोडला, कम्प्युटर सुरू केला. तक्रार सेव्ह झालेली नव्हती, आणि पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.