बोटांची तालीम

दगूबाईने चुडामणआप्पांचा उजवा हात पुढे ओढला. "चला. आंगठा नि हाई बोट. टपटप, टपटप."

शहाद्याजवळच्या त्यांच्या गावात कंपवाताची पाहणी चालू होती. डॉक्टर घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना बोटे आपटायला लावतात, ही बातमी गल्लीत कधीच फिरली होती. आप्पांचा हात वर्षभर थरथरत होता आणि नात काजलची सोयरीक जुळत आली होती. घरात असला आजार आहे असे गावभर झाले, तर पाहुणे पाय मागे घेतील या धास्तीने दगूबाईची झोप उडाली होती. म्हणून ही रोजची तालीम.

ती आधी करून दाखवी, मग दोघे मिळून करत. आप्पांची बोटे भराभर चालत, तिची मागे राहत.

"मन्हाकरता हळू करू नको," आप्पा चिडले. "मी काय लहान पोऱ्या शे?"

"गुमान करा."

या माणसाच्या काळजीपायी तिचे कशात लक्षच उरले नव्हते. हातावर पुरणाचा मांडा फिरवावा तर दगूबाईने, असे गल्ली म्हणे. यंदा आखाजीच्या सणाला तिने तो मान मुकाट्याने सुनेला देऊन टाकला. परवा चुलीवर दूध करपले, ते वासाने शेजारीण धावत आली तेव्हा हिला कळले.

डॉक्टर प्रिस्किला खांडबाऱ्याकडची, मोजके बोलणारी. घरी आली त्या दिवशी तिने आप्पांना बोटे आपटायला लावली, मनगट फिरवायला लावले, अंगणात चालवून पाहिले. दगूबाई खांबाला टेकून देवाचा धावा करत होती.

"आप्पा, मागच्या पाहणीत थरथरणारा हरेक हात मोजला गेला, आकडा उगाच फुगला," डॉक्टर म्हणाली. "आता निकष बदललेत. आधी हालचाल मंदावलेली हवी. तुमची बोटं तर चांगली पळतात. तुमचा कंप वेगळा, तो कंपवात नाही."

दगूबाईचा जीव भांड्यात पडला. तिचे डोळे भरून आले. काजलच्या लग्नाचा मांडव तिला आत्ताच अंगणात दिसू लागला.

"बसा मॅडम, चहा करस," म्हणत ती उठली आणि लहान लहान पावले टाकत आत गेली.

"तिना जीव मन्हामा अटकेल व्हता," आप्पा हसले. "पायबी उचलत नही तिना."

चहा बऱ्याच उशिरा आला. डॉक्टरने कप बाजूला ठेवला आणि जवळचा पाट पुढे सरकवला.

"बसा, माई," ती हलकेच म्हणाली. "आता तुमची बोटं दाखवा."