दादाची पसंती

शर्यतीत गाडी उलटून दादाचे पाय गेले, तेव्हा स्टिअरिंग धाकट्याच्या हातात होतं. त्यानंतर पाच वर्षं धाकट्याने गाडी चालवली नव्हती. आता दादाला फिजिओथेरपीला न्यायचं म्हणून दोघे शोरूममध्ये आले. धाकट्याने कमी पेट्रोल पिणारी, गायीसारखी गरीब पांढरी गाडी मनाशी पक्की केली होती. दादाने मात्र शेजारच्या लाल, स्पोर्टी गाडीत बसवायला लावलं. “दादा, हिच्या डिकीत तुझी व्हीलचेअर मावणार नाही.” “टपावर बांध. पाय गेलेत माझे, हौस नाही गेली.” धाकट्याला नाही म्हणवेना. अपघाताबद्दल दादाने त्याला एका शब्दानेही दोष दिला नव्हता. म्हणूनच दादाचा कुठलाही शब्द मोडायची सोय उरली नव्हती. ट्रायलसाठी गाडी रस्त्यावर आली, तसा दादा पाच वर्षांत पहिल्यांदाच खळखळून हसला. “दाब की रे, घाबरतोस काय!” धाकट्याने ब्रेकवरचा पाय उचलला.